तख्ती आणि धूळपाटी

गेल्या नवरात्रात मी राणीसावरगावी गेलो होतो. वर्षातून एकदा रेणुकामातेच्या दर्शनाला जायचे, हा आमच्या घराचा नेम. वय ८६ वर्षांचे झाले तरी तो मोडवत नाही. गंगाखेडला गोदावरी ओलांडून बालाघाटाच्या डोंगरांकडे गाडी लागली की माझे मन आपोआप आठ वर्षांचे होते. देवीचे दर्शन झाले म्हणजे पावले दुसऱ्या एका घराकडे वळतात. ते माझ्या बालमित्राचे घर. तो जातीचा मुसलमान, धंद्याने सुतार, आणि माझ्या आयुष्यातला पहिला सहाध्यायी.

या खेपेस त्याच्या घरात वाद पेटलेला होता. त्याची नात परभणीला राहून बालशिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा करून आली होती. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत मोहल्ल्यातल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालघर काढायचे, असे तिने ठरविले होते. पद्धत माँटेसरीची, म्हणजे दट्ट्यांचे ठोकळे, गुलाबी मनोरा, मण्यांच्या माळा. आणि त्याबरोबरच दुआ, वजू, नमाजाचे वळण आणि कुराणाचा कायदा. माझा मित्र मात्र हटून बसला होता.

"मास्तर, तूच सांग हिला," तो मला म्हणाला. "तू आणि मी एका चटईवर बसलो. आता ही आमच्या पोरांची चटई वेगळी टाकणार. एका बाजूची भिंत वादळात आधी पडते. मी पाहिलंय."

"आजोबा, दादांना वाटतं मी भिंत घालते आहे," नात म्हणाली. "मला दार काढायचं आहे. इथल्या आया पोरांना चार वर्षांपर्यंत घराबाहेर पाठवत नाहीत. दुआ शिकवते म्हटलं तर उद्या पाठवतील. तुम्ही जन्मभर शिकवलंत. अशी शाळा आपल्याकडे कधी झाली आहे का, तेवढं सांगा."

त्या दिवशी मी काहीच सांगितले नाही. न्यायाधीशाने निकाल राखून ठेवावा तसा राखून ठेवला, आणि घरी येऊन जुनी पुस्तके काढून बसलो. त्या वाचनातून आणि स्वतःच्या आठवणींतून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

आठवणींपासूनच सुरुवात करतो. मी सांगतो तो काळ १९४५-४६ चा. आमचा परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. कचेरीची आणि कोर्टाची भाषा उर्दू. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात तर १९१८ पासून वरचे सगळे शिक्षणच उर्दूतून. त्यामुळे ज्या घरात मुलाने पुढे नोकरी करावी अशी आशा असे, त्या घरातील वडीलमंडळी, मग ती ब्राह्मण असोत की मराठा, मुलाला मौलवीसाहेबांकडे अलिफ-बे गिरवायला धाडीत. माझ्या वडिलांनीही मला तसे धाडले. सकाळी शाळेत मराठी बाराखडी आणि तिसऱ्या प्रहरी मशिदीच्या ओसरीवर उर्दू, असा माझा क्रम होता.

त्या ओसरीवर आम्ही दहा-बाराजण असू. पाच वर्षांचेही आणि बारा वर्षांचेही. मोठ्यांनी लहानांना शिकवावे, मौलवीसाहेबांनी मोठ्यांना तपासावे, अशी व्यवस्था. मुसलमान मुले डोलत डोलत कायदा म्हणत, आणि आम्ही दोघे-तिघे हिंदू पोरे उर्दूचे पहिले पुस्तक वाचीत बसू. प्रत्येकापाशी एक तख्ती असे. ही लाकडाची मुठीची फळी. तिला मुलतानी माती सारवायची, उन्हात वाळवायची, मग बोरूने लिहायचे. अगदी नव्या पोराच्या तख्तीवर मौलवीसाहेब फिकी अक्षरे काढून देत आणि पोराने त्यांवरून शाईचा बोरू फिरवायचा. तख्ती धुणे, सारवणे, वाळविणे या कामात आमचा निम्मा वेळ जाई, आणि खरे सांगायचे तर तोच वेळ सर्वांत आनंदाचा असे.

आमच्या घरी माळ्यावर आजोबांच्या वेळची धूळपाटी होती. फळीवर बारीक धूळ पसरून बोटाने अक्षर काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. तख्ती आणि धूळपाटी ही दोन भावंडे आहेत हे मला तेव्हाही कळत होते. त्यांची तिसरी बहीण रोमच्या एका गल्लीत जन्मली आहे, हे मात्र पुष्कळ वर्षांनी, स्वतः शिक्षक झाल्यावर कळले.

डॉक्टर मारिया माँटेसरी यांचा जन्म १८७० सालचा. त्या मूळच्या वैद्य. बुद्धीने मंद म्हणून टाकून दिलेल्या मुलांवर त्यांनी आधी काम केले, आणि इतार व सेगँ या दोन फ्रेंच वैद्यांच्या ग्रंथांतून त्यांना एक गोष्ट सापडली. मुलाच्या बुद्धीची वाट त्याच्या हातातून जाते, ही ती गोष्ट. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या मजुरांच्या वस्तीत त्यांनी पहिले 'बालकांचे घर' उघडले. आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांवर हुंदडणारी ती मुले. त्यांना त्यांनी मापाच्या खुर्च्या दिल्या, उचलता येतील अशी टेबले दिली आणि खरखरीत कागदाची कापलेली अक्षरे दिली. मुलाने दोन बोटांनी ते अक्षर चाचपायचे आणि त्याचा उच्चार करायचा. काही महिन्यांत ती पोरे आपण होऊन फरशीवर खडूने लिहू लागली. हे वाचले तेव्हा मला आमच्या धूळपाटीचीच आठवण झाली.

हे नुसते माझ्या मनाचे साम्य आहे असे कोणी समजू नये. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेत अनाथ मुलांची शाळा चालविणारे अँड्र्यू बेल नावाचे पाद्री होते. मलबारी मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवीत आहेत आणि मोठी मुले लहानांना शिकवीत आहेत, असे त्यांनी पाहिले. दोन्ही गोष्टी त्यांनी आपल्या शाळेत उचलल्या, १७९७ साली विलायतेत त्यांवर पुस्तक छापले, आणि पुढे इंग्लंडातील हजारो गरीब मुले 'मद्रास पद्धतीने' शिकली. धूळपाटी अशी एकदा सातासमुद्रापार जाऊन आलेली आहे. चांगल्या शिक्षणाला जात आणि देश यांचा विटाळ होत नाही, याचा याहून उत्तम दाखला मला ठाऊक नाही.

आता नातीच्या प्रश्नाचे दुसरे अंग. ही मोकळीक, हा मुलाविषयीचा आदर, इस्लामी परंपरेत बसतो का? माझ्या मित्राच्या मनात मकतब म्हणजे पाठांतर आणि छडी, एवढेच चित्र आहे. ते खोटे नाही. आमच्या पंतोजींच्या शाळेचे चित्र तरी कोठे निराळे होते? परंतु परंपरेचा प्रत्यक्ष व्यवहार वेगळा असतो आणि तिच्या थोर माणसांचे विचार वेगळे असतात.

इमाम गझाली हे ११११ साली निवर्तले. मूल ही आईबापांपाशी ठेवलेली अमानत आहे, त्याचे हृदय म्हणजे निर्मळ रत्न आहे, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. एवढेच नव्हे, तर मकतबातून सुटल्यावर मुलाला चांगला खेळ खेळू द्यावा, खेळ बंद करून सतत शिकवीत राहिले तर त्याचे मन मरते आणि बुद्धी विझते, असेही त्यांनी बजावले आहे. चौदाव्या शतकातले इब्न खल्दून हे इतिहासकार तर छडीचे उघड वैरी. धाकाखाली वाढलेले मूल आळशी होते, खोटे बोलायला शिकते आणि पुढे जन्मभर मनाने लहानच राहते, असा त्यांचा निष्कर्ष. कुराण आधी शिकवावे की भाषा आणि हिशेब आधी शिकवावेत, या प्रश्नावर निरनिराळ्या मुस्लिम देशांत निरनिराळ्या रीती होत्या, हेही ते मोकळेपणी नोंदवितात. आधी भाषा व गणित पक्के करावे आणि मग कुराणाकडे वळावे, असे सांगणाऱ्या एका काझींचे मत त्यांनी वाखाणलेले आहे. सहाशे वर्षांपूर्वी हा वाद इतक्या शांतपणे चालू शकत होता!

आपल्या दख्खनमधली बिस्मिल्लाची रीतही पाहण्याजोगी आहे. मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले म्हणजे त्याला नवे कपडे घालून बसवायचे आणि अल्लाचे नाव घेऊन पहिला पाठ द्यायचा. त्या पाठातला पहिला शब्द 'वाच' असा आहे, आणि पुढे लेखणीचा उल्लेख येतो. माझ्या मित्राच्या धाकट्या भावाचा बिस्मिल्ला मी पाहिला आहे. आमच्याकडे दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून पूजा करीत, आणि त्यांच्याकडे हा समारंभ. दोन्हीकडे लाडू सारखेच गोड होते. चार वर्षांच्या मुलाच्या शिक्षणाचा सोहळा करावा असे ज्या समाजाला वाटते, तेथे बालशिक्षणाला परके कसे म्हणावे?

आणखी खोल गेलो तर असे दिसते की माँटेसरीबाईंच्या पद्धतीत ज्याला जीवनव्यवहाराचे पाठ म्हणतात, ते धर्माचाराच्या अगदी जवळचे आहेत. पाणी न सांडता एका भांड्यातून दुसऱ्यात ओतणे, आसन उलगडणे आणि घडी घालून ठेवणे, चपला जोडीने लावणे. वजू करताना लहान मूल हेच करते. तोटीच्या लोट्यातले पाणी मोजकेच घ्यायचे आणि हात, तोंड, पाय ठरलेल्या क्रमाने धुवायचे. रमजानचा चंद्र पाहणे हा निरीक्षणाचा पाठ आहे, आणि जकातीचा चाळिसावा हिस्सा काढणे हा अपूर्णांकांचा. माँटेसरीबाई स्वतः कॅथॉलिक होत्या. बार्सिलोनाच्या शाळेत त्यांनी मुलांसाठी लहान मापाचे प्रार्थनागृह केले होते, आणि प्रसादाच्या भाकरीसाठी गहू व द्राक्षे मुलांकडूनच पिकवून घेतली होती. श्रद्धा ही लहान मुलाला व्याख्यानाने कळत नाही, हाताने कळते, हे त्यांनी ओळखले होते. मग ते हात जपमाळेचे असोत, तसबीहचे असोत की टाळांचे.

याच बाई पुढे हिंदुस्थानात आल्या. साल १९३९. थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या चिरंजीव मारिओंसह मद्रासजवळच्या अड्यारला उतरल्या. दुसऱ्या वर्षी इटली महायुद्धात पडला आणि हे मायलेक एका दिवसात शत्रुराष्ट्राचे नागरिक झाले. मारिओंना आपल्या अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध केले. ३१ ऑगस्ट १९४० रोजी बाईंना सत्तर वर्षे पुरी झाली, तेव्हा सरकारने वाढदिवसाची भेट म्हणून मुलाला आईकडे परत धाडले. युद्ध संपेपर्यंत त्या येथेच अडकल्या, आणि त्या अडकण्यातून हजारावर हिंदी शिक्षक तयार झाले. त्यांत सर्व धर्मांचे होते.

पण माँटेसरी आपल्या मातीत रुजविली ती त्या येण्याच्या कितीतरी आधी, गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी. गिजुभाई वकील. स्वतःच्या मुलाचे काय करावे या चिंतेतून ते या विषयात शिरले आणि १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्तीचे बालमंदिर उघडून बसले. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई १९२३ साली त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. दादरला शिशुविहार झाला. पण ताराबाईंना शहरातल्या पांढरपेशांच्या मुलांपुरते हे काम ठेवायचे नव्हते. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना तेथे मिळाल्या, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत त्यांचे काम उभे राहिले. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळाच मुलाच्या अंगणात जाईल, ही ती अंगणवाडी. महागडे परदेशी साहित्य त्यांनी बाजूला सारले. शिंपले, बिया, खडे, पाने हेच त्यांचे साहित्य झाले. हे सर्व वाचताना मला नातीचे शब्द आठवत होते. आया पोरांना घराबाहेर पाठवत नाहीत, म्हणून तीही शाळा घरात आणू पाहत होती.

आणि मग मला हवा होता तो माणूस सापडला. तोही आमच्याच जुन्या संस्थानातला. झाकिर हुसेन १८९७ साली हैदराबादेत जन्मले, बर्लिनला जाऊन डॉक्टर झाले, आणि १९२६ पासून दिल्लीच्या जामिया मिल्लियाचा गाडा त्यांनी तुटपुंज्या पगारावर ओढला. जामिया ही मुसलमानांनी काढलेली राष्ट्रीय शाळा. इस्लामी संस्कार आणि देशाचे स्वातंत्र्य यांत विरोध नाही, हे तिचे ब्रीद. तेथे गांधीजींचे चिरंजीव देवदास काही काळ शिकवीत होते. बर्लिनमध्ये झाकिरसाहेबांची गेर्डा फिलिप्सबॉर्न नावाच्या ज्यू बाईंशी ओळख झाली होती. त्या जर्मनी सोडून जामियात आल्या आणि तेथल्या बालकवर्गाच्या जीव की प्राण झाल्या. मुले त्यांना 'आपाजान' म्हणत. १९४३ साली त्या वारल्या आणि जामियाच्याच भूमीत चिरविश्रांती घेत आहेत. मुसलमानांच्या शाळेत ज्यू बाई लहानग्यांना सांभाळते आहे! दाराला कडी नसली म्हणजे धर्माच्या घरात कोण कोण राहू शकते, ते यावरून दिसावे.

पुढे ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद बोलाविली. हाताने काम करीत शिकण्याची जी मूलोद्योगी योजना तेथे ठरली, तिचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाकिर हुसेनच. हा माणूस १९६७ साली राष्ट्रपती झाला. पण लहान मुलांसाठी गोष्टी लिहिणे त्याने कधी कमीपणाचे मानले नाही.

एवढी सामग्री जमली तरी मला निकाल देववेना. कारण माझ्या मित्राचे म्हणणे इतिहासाच्या पुस्तकात नव्हते, त्याच्या आयुष्यात होते.

१९४८ चा तो पावसाळा. रझाकारांचा धुमाकूळ चालू होता तेव्हा त्याच्या वडिलांनी रात्री येऊन आमच्या घरी सावधगिरीचा निरोप दिला होता. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला, संस्थान मुक्त झाले, आम्ही तिरंगा लावून गावभर नाचलो. आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात कित्येक गावी निरपराध मुसलमानांना दुसऱ्यांच्या पापाची किंमत मोजावी लागली. आमच्या धान्याच्या खोलीत माझ्या मित्राचे कुटुंब अकरा रात्री राहिले. आम्ही दोघे अंधारात बोटाने एकमेकांच्या पाठीवर अक्षरे काढून ओळखण्याचा खेळ खेळत असू. तो अलिफ काढी, मी ग काढी.

मौलवीसाहेब गाव सोडून गेले. ओसरीवरची शाळा पुन्हा भरली नाही. कचेरीची भाषा बदलली, माझ्या वडिलांना उर्दूची गरज उरली नाही, आणि मी मराठी शाळेत पुढे शिकत गेलो. माझ्या मित्राने मात्र त्या वर्षी हातात रंधा घेतला तो कायमचा. तोवर त्याची हुशारी माझ्याहून सरस होती, हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. माझ्या शाळेत त्याला घेऊन जावे, असे माझ्या किंवा माझ्या घरातल्या कोणाच्या मनात आले नाही. ती रुखरुख मला आहे.

म्हणून दिवाळीच्या आधी मी पुन्हा सावरगावी गेलो आणि दोघांनाही समोर बसवून बोललो. मी नातीला म्हणालो, "शाळा काढ. आपल्या राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने तुला तो हक्क दिला आहे. तुझ्या धर्मात मुलाला मोकळे वाढविण्याला जागा आहे, आणि माँटेसरीत श्रद्धेला जागा आहे. पण तीन गोष्टी पाळ. पहिली, अक्षरे उर्दूची कर आणि मराठीचीही कर, कारण ही पोरे ज्या बाजारात, एसटीत आणि दवाखान्यात वावरणार तेथली भाषा मराठी आहे. दुसरी, देवाच्या नावाने मुलाला भिववू नकोस. आणि तिसरी, शेजारच्या गल्लीतले कोणाचेही मूल दारात आले तर त्याला आत घे. त्याला दुआ म्हणायला लावू नकोस. त्याने त्या वेळी मणी ओवीत बसावे. आम्ही नाही का, पोरे कायदा म्हणत असता पहिले पुस्तक वाचीत बसलो?"

"यातल्या दोन मी आधीच ठरवल्या होत्या," ती हसून म्हणाली. "मराठी अक्षरांचं मात्र पुढच्या वर्षावर टाकलं होतं. लाकडी अक्षरांना पैसे फार पडतात."

मी मित्राकडे पाहिले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग उठून मागच्या पडवीत गेला. आतून फळ्या हलविल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा त्याच्या हातात सागाचा एक जुना तुकडा होता.

"ही उखळी पेटीची फळी आहे," तो म्हणाला. "चाळीस वर्षं सुकली. हिला बाक येणार नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मास्तर, ग कागदावर मोठा काढून दे. मला तो पाठीवर ओळखता येतो, पण काढायला जमत नाही."

मी कागदावर ग काढला. त्याने तो फळीवर ठेवून कडेने पेन्सिल फिरविली आणि करवत काढली. नातीने पॉलिशपेपर आणायला पोराला दुकानात पिटाळले. संध्याकाळपर्यंत आमची चार अक्षरे झाली होती, दोन त्याची आणि दोन माझी. बाकीची तो दिवाळीत पुरी करणार आहे.